ग्रंथालयाचा दरडोई खर्च : भाजकाचा प्रश्न
(ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या अनुषंगाने)

विद्यापीठाच्या अथवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर होणारा खर्च पुरेसा आहे की तोकडा, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल बहुधा एक भागाकार पुढे ठेवला जातो. वर्षाचा खर्च हा भाज्य, माणसांची संख्या हा भाजक, आणि जे उत्तर येईल तो दरडोई खर्च. दोन ग्रंथालयांची तुलना असो, अनुदानाची मागणी असो की विद्यार्थ्यांकडून घ्यावयाच्या ग्रंथालय-शुल्काचे समर्थन असो, सर्वत्र हाच आकडा साक्षीला बोलावला जातो. भाज्याविषयी वाद पुष्कळ होतात. सेवकांचे वेतन त्यात धरावे की नाही, इमारतीच्या डागडुजीचे काय, कपाटे ही ग्रंथालयाच्या नावे मांडावीत की सामानसुमानाच्या, हे प्रश्न हिशेबनिसांच्या सवयीचे आहेत. भाजकाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. माणसे मोजणे सोपे असते असा आपला समज आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो भाजक हाच आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या हिशेबात पडावे याचे कारण शब्दांतच आहे. 'दरडोई' हा शब्द डोकी मोजतो. त्या डोक्याने काही वाचले की नाही, हे तो विचारीत नाही. धान्यवाटपात हे ठीकच आहे, कारण प्रत्येक डोईला पोट असते. ग्रंथालयाचे तसे नाही. वस्तुतः आपल्या शाळांतून एक फार नेमकी शब्दजोडी पिढ्यान् पिढ्या वापरात आहे : पट आणि हजेरी. पटावर साठ मुले आणि वर्गात बेचाळीस, यातला भेद कोणत्याही गावच्या मास्तरांना समजावून द्यावा लागत नाही. ग्रंथालयांच्या अहवालांत मात्र विद्यार्थी, सभासद, वाचक आणि लाभार्थी हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. आणि एका शब्दाच्या जागी दुसरा आला की भाजक बदलतो, भाजक बदलला की उत्तर बदलते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत या विषयाचा तीन वेळा अधिकृत विचार झाला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठाच्या एकूण खर्चापैकी सहा टक्क्यांहून अधिक वाटा ग्रंथालयाला मिळावा, किंवा दर विद्यार्थ्यामागे ४० रुपये खर्च व्हावेत, असे सुचविले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली जी ग्रंथालय समिती नेमली, तिने विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि अध्यापक व संशोधक यांच्यामागे प्रत्येकी २०० रुपये असे प्रमाण दिले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यार्थ्यामागे २५ आणि अध्यापकामागे ३०० रुपये हे प्रमाण सांगितले.

हे आकडे रुपयांचे म्हणून आज निरुपयोगी आहेत. रुपयात सांगितलेली मोजपट्टी रुपयाबरोबर झिजते. तथापि त्यांच्या पोटात एक दुसरा आकडा दडलेला आहे आणि तो झिजलेला नाही. २०० ला १५ ने भागले असता १३ पूर्णांक एक तृतीयांश येतात, ३०० ला २५ ने भागले असता बरोबर १२. म्हणजे रंगनाथन समितीच्या लेखी एक अध्यापक ग्रंथालयापुरता सव्वातेराहून किंचित अधिक विद्यार्थ्यांइतका होता, आणि कोठारी आयोगाच्या लेखी बारा विद्यार्थ्यांइतका. राधाकृष्णन आयोगाच्या चाळीस रुपयांत असा भेदच नाही. तेथे भाजकात केवळ विद्यार्थी आहेत. याचा अर्थ असा की 'ग्रंथालय वापरणारी माणसे' किती, या प्रश्नाला या तीन दस्तऐवजांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली. माणसे तीच, त्यांचा भार निराळा. बाराचा किंवा तेराचा हा भार प्रत्यक्ष वाचनाच्या मोजणीवरून काढावा, की शैक्षणिक परंपरेला जे वाजवी वाटते त्यावरून ठरवावा, हा प्रश्न आजही मोकळाच आहे. संशोधन न करणारा अध्यापक आणि प्रबंध लिहिणारा विद्यार्थी यांची तुलना करून पाहावी, म्हणजे पदनामावरून भार ठरविण्यातली अडचण ध्यानी येईल.

आता आपल्या विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून फोर्ट येथे ग्रंथालयाची इमारत आणि तिला जोडून राजाबाई मनोरा उभा राहिला. १८६९ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्या काळी विद्यापीठ परीक्षा घेणारे होते, शिकविणारे नव्हते. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन-विभाग बऱ्याच उशिरा उभे राहू लागले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा. तेव्हा १८८० च्या सुमारास कोणी या ग्रंथालयाचा दरडोई खर्च काढावयास बसला असता, आणि भाजक म्हणून 'विद्यापीठाचे स्वतःचे विद्यार्थी' घेतले असते, तर भाजक शून्य येऊन भागाकारच अडला असता. ग्रंथालय होते आणि वाचकही होते. 'आपले' विद्यार्थी मात्र नव्हते.

ही अडचण इतिहासजमा झालेली नाही, तिने केवळ रूप पालटले आहे. मुंबई विद्यापीठ आजही मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ आहे. मुंबई शहर आणि उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गापर्यंत त्याचे क्षेत्र पसरलेले आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा खर्च फोर्ट व कालिना येथील विभागांच्या विद्यार्थिसंख्येने भागला तर आकडा भरघोस दिसतो. तोच खर्च संलग्न महाविद्यालयांतील सर्व विद्यार्थ्यांनी भागला तर इतका बारीक होतो की लाज वाटावी. दोन्ही भागाकार गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. प्रश्न एवढाच की डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी, ज्याच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव येणार आहे, तो या भाजकात बसतो की नाही? त्याच्या महाविद्यालयाच्या हिशेबात तो मोजला जातोच. विद्यापीठाच्या हिशेबात तो सोयीनुसार आत येतो आणि सोयीनुसार बाहेर जातो. मोठेपणा सांगताना विद्यार्थिसंख्या सर्व जिल्ह्यांची, आणि सोयी सांगताना भाजक एका आवाराचा, हा प्रकार एकट्या मुंबईत चालतो असे नाही. संलग्नतेच्या पद्धतीने चालणाऱ्या कोणत्याही विद्यापीठात तो शक्य आहे.

ठाण्यात बाळकुम येथे आणि कल्याणला विद्यापीठाचे उपपरिसर झाल्यापासून आणखी एक पदर जोडला गेला आहे. उपपरिसरातील विद्यार्थी निःसंशय विद्यापीठाच्या पटावरचा. परंतु विद्यापीठाचा मुख्य ग्रंथसंग्रह कालिना व फोर्ट येथे. त्याला भाजकात धरले तर ज्या खर्चाची फळे त्याच्यापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर आहेत, तो खर्च त्याच्या नावे मांडला जातो. न धरले तर तो कोणाच्याच हिशेबात उरत नाही.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित महाविद्यालय घेऊ. पटावर २,४०० विद्यार्थी, ८० अध्यापक. ग्रंथालयाचा वार्षिक खर्च १२ लाख रुपये. पैकी ८ लाख वेतनाचे, ४ लाख ग्रंथ-नियतकालिकांचे. सरळ डोकी मोजली तर २,४८० माणसे आणि दरडोई खर्च ४८४ रुपये. केवळ वाचनसामग्रीचा खर्च धरला तर १६१ रुपये. कोठारी आयोगाचा बाराचा भार अध्यापकांना लावला तर भाजक ३,३६० होतो आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ३५७ रुपये येतात. आता ग्रंथालयाची देवघेवीची नोंदवही उघडली. वर्षभरात एकदा तरी पुस्तक नेलेले ६०० विद्यार्थी आणि ४० अध्यापक निघाले. ग्रंथालयांच्या कार्यमापनासाठी १९९८ मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम प्रसिद्ध झाले, त्यातही प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसामागील खर्च, दर भेटीमागील खर्च आणि दर देवघेवीमागील खर्च हे स्वतंत्र निर्देशक आहेत. आपल्या महाविद्यालयात वाचकामागील खर्च १,८७५ रुपये आला.

एकाच वर्षी, एकाच ग्रंथालयात १६१, ३५७, ४८४ आणि १,८७५ असे चार आकडे निघाले आणि चारही खरे आहेत. कोणी म्हणेल की त्यांपैकी शेवटचा अधिक वास्तव, कारण तो खऱ्या वाचकांवर आधारलेला आहे. येथे सावध राहावयास हवे. समजा, पुढील वर्षी वाचक निम्मे झाले, ६४० चे ३२० उरले, आणि खर्च तेवढाच राहिला. वाचकामागील खर्च ३,७५० रुपये होईल. हा आकडा एखाद्या पुस्तिकेत छापला तर ग्रंथालय पूर्वीपेक्षा दुप्पट उदार झाल्यासारखे वाटेल. लेखापरीक्षकाच्या हाती पडला तर तेच ग्रंथालय दुप्पट उधळे ठरेल. याचे कारण असे की पटामागील खर्च हे तरतुदीचे माप आहे आणि वाचकामागील खर्च हे किमतीचे. तरतूद वाढली तर बरे, किंमत वाढली तर वाईट. दोहोंना 'दरडोई' हा एकच शब्द लावल्यामुळे चांगले आणि वाईट एकाच आकड्यात मिसळून जाते.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मात्र एक तिसरी गोष्ट फुकट हाती येते. ४८४ ला १,८७५ ने भागले असता सुमारे २६ टक्के येतात. पटावरील माणसांपैकी प्रत्यक्ष वाचणाऱ्यांचे प्रमाण हेच आहे, कारण खर्च दोहोंकडे समान असल्याने तो छेदला जातो. दुसऱ्या वर्षी तेच प्रमाण १३ टक्क्यांवर येईल. खर्च किती झाला यापेक्षा हजेरी का घटली, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो. म्हणून या दोन आकड्यांपैकी एकटा एक छापणे हे अर्धे सांगणे आहे.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे 'नॅक'ची, जी सुधारित चौकट २०१७ मध्ये आली, तीत ग्रंथखरेदी व नियतकालिकांवरील सरासरी वार्षिक खर्च हा एक निकष होता आणि ग्रंथालय दररोज वापरणाऱ्या अध्यापक-विद्यार्थ्यांची टक्केवारी हा दुसरा. म्हणजे भाज्य एका रकान्यात आणि हजेरी दुसऱ्या रकान्यात. पण दोहोंची गाठ घालून देण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले. शिवाय हजेरी मोजण्याची रीत म्हणजे दारावरची नोंद आणि संगणकावरील प्रवेशाची नोंद. दारावरची नोंद माणसे मोजत नाही, आत येणे मोजते. चहाला दोनदा बाहेर गेलेला विद्यार्थी तीन वाचकांइतका भरतो. संगणकावरची नोंद दहा लेख उघडणारा एक आणि एकेक लेख उघडणारे दहा यांत भेद करते की नाही, हे नोंद कशी ठेवली यावर अवलंबून आहे.

अभ्यासिकेचा प्रश्न आमच्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच माणसे असताना स्पर्धा-परीक्षेचा उमेदवार ग्रंथालयात येतो तो पुस्तकासाठी नव्हे, टेबल-खुर्ची, पंखा आणि शांतता यांसाठी. पुस्तके त्याची स्वतःची असतात. देवघेवीच्या नोंदवहीत तो शून्य आणि दारावरच्या नोंदीत तो सर्वांत निष्ठावंत. काही ग्रंथपालांना हा 'खरा' वाचक वाटत नाही. मला हे मत पटत नाही. जागा पुरविणे ही ग्रंथालयाची सेवाच आहे आणि तिच्यावर वीज, भाडे व सेवकांचा वेळ खर्च होतो. मात्र त्याची मोजणी स्वतंत्र व्हावी. नाहीतर अभ्यासिकेतील गर्दी दाखवून ग्रंथखरेदीतील हलगर्जी झाकता येते.

भाज्याविषयीचा एक मुद्दा येथे टाळता येत नाही, कारण तो भाजकापर्यंत पोहोचतो. पूर्वी जे नियतकालिक महाविद्यालय घेत असे त्याची पावती महाविद्यालयात असे. २०१० पासून 'एन-लिस्ट' या योजनेद्वारे महाविद्यालयांना मोठा संगणकीय संग्रह एकत्रित वर्गणीतून उपलब्ध झाला. त्या संग्रहाची खरी किंमत महाविद्यालयाच्या खर्चात दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना तर याहून मोठी : २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि लाभ घेऊ शकणारे विद्यार्थी, अध्यापक व संशोधक सुमारे १ कोटी ८० लाख. वर्षाचे २,००० कोटी या संख्येने भागले तर दरडोई सुमारे १,१११ रुपये येतात. तो भागाकार पटाचा आहे, हे आता वाचकांना सांगावयास नको. ही योजना केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे, तर ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी उभी केलेली आहेत. तेव्हा विद्यापीठाच्या नावे दिसणारी सोय संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्याही हाती आहे, असे गृहीत धरून त्याला भाजकात घालणे धोक्याचे आहे.

दरडोई मापाचा सर्वांत मोठा अन्याय लहान विषयांवर होतो, आणि येथे मी तटस्थ आहे असे म्हणत नाही. बारा विद्यार्थी व तीन अध्यापक असलेला विभाग घेतला तर कोठारी आयोगाच्या दराने त्याच्या वाट्याला विद्यार्थ्यांचे ३०० आणि अध्यापकांचे ९०० मिळून १,२०० रुपये येत. एकशेवीस विद्यार्थी आणि तितकेच अध्यापक असलेल्या विभागाला ३,९०० रुपये. परंतु कोश, व्याकरणे, बोलींची सर्वेक्षणे आणि नियतकालिके दोघांनाही सारखीच लागतात. ग्रंथविक्रेता बारा विद्यार्थ्यांच्या विभागाला पुस्तक स्वस्तात देत नाही. संस्कृत, पाली, भाषाशास्त्र, पुरातत्त्व अशा विषयांचे ग्रंथसंग्रह क्षीण होतात त्याला उदासीनतेइतकाच हा भागाकारही कारण आहे.

अमेरिकेत व्हर्नर क्लॅप आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६५ मध्ये मांडलेले सूत्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांनी माणसे मोजण्यापूर्वीच ५०,७५० ग्रंथांचा एक पाया धरला. मग दर पूर्णवेळ अध्यापकामागे १००, दर पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे १२, आणि डॉक्टरेट दिली जाते अशा दर विषयामागे २४,५००. या पायाभूत आकड्यांबद्दल वाद होऊ शकेल. आमच्याकडील बहुतेक महाविद्यालयांना तो पायाच शिखरासारखा वाटेल. परंतु सूत्राची रचना योग्य आहे. ग्रंथालयाच्या गरजेचा एक भाग माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो, विषयांच्या संख्येवर असतो. तो भाग आधी बाजूला काढावा आणि उरलेल्याचाच भागाकार करावा. सूत्रातील अध्यापक-विद्यार्थी प्रमाण सुमारे आठास एक येते, म्हणजे आपल्या दोन्ही समित्यांपेक्षा कमी, हेही नोंदण्याजोगे आहे.

'पूर्णवेळ' हा शब्द मात्र आपल्याकडे सांभाळून वापरावा लागेल. सकाळचे वर्ग आटोपून नोकरीवर जाणारा, रात्रीच्या वर्गास येणारा, दूरस्थ पद्धतीने पदवी घेणारा, असे विद्यार्थी या परिसरात थोडे नाहीत. दोन अर्धवेळ विद्यार्थी मिळून एक पूर्णवेळ धरण्याची जी पद्धत अन्यत्र रूढ आहे, तिच्यात असे गृहीत आहे की निम्मा वेळ शिकणारा निम्मेच वाचतो. अनुभव काही वेळा उलट असतो. ज्याला व्याख्याने मिळत नाहीत त्याचा सगळा भार पुस्तकावरच पडतो.

राहिला तो खर्च, जो कोणत्याच हिशेबात नाही. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत पोहोचली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मनोऱ्याची इमारत पुरी होण्याआधीच कल्याणात वाचनालय होते, ही गोष्ट आम्ही सहसा विसरतो. आज कल्याणचा विद्यार्थी कालिन्याच्या ग्रंथालयात जावयाचे म्हणून निघाला तर जाण्यायेण्यात अडीच-तीन तास मोडतात. रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. दोन तास वाचण्यासाठी तीन तास प्रवास करणाऱ्या वाचकाने ग्रंथालयाच्या खर्चात स्वतःची भर घातलेलीच असते; ती पावतीवर येत नाही एवढेच. तो कंटाळून घराजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला, तर विद्यापीठाच्या पटावरचा हा वाचक सार्वजनिक ग्रंथालयाच्या हजेरीत जमा होतो. त्या ग्रंथालयाला १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये जे अनुदान मिळते ते त्याच्या अ, ब, क, ड वर्गानुसार. विद्यापीठाचे किती विद्यार्थी तेथे बसतात याचा त्याच्याशी संबंध नसतो.

हे मोजणे अवघड नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या ओळखपत्राच्या अर्जावर राहण्याचे ठिकाण असतेच. वर्षाकाठी एकदा, एका ठरलेल्या आठवड्यात, दर वाचकाला तीन गोष्टी विचाराव्यात : कोठून आलात, यावयास किती वेळ लागला, आणि या महिन्यात दुसऱ्या कोणत्या ग्रंथालयात बसलात. आठवडा परीक्षेच्या आधीचा नसावा, तसाच नुकत्याच संपलेल्या सुट्टीनंतरचाही नसावा. हीच पृच्छा त्याच आठवड्यात ठाण्याच्या व कल्याणच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाली, तर पट कोणाचा आणि हजेरी कोठे, याचे एक कोष्टक तयार होईल. त्या कोष्टकात ज्याचे नाव एका ठिकाणच्या पटावर आणि हजेरी दुसऱ्या ठिकाणी, अशा वाचकाला दोन्हीकडे अर्धा अर्धा धरावा, की जेथे बसला तेथे पूर्ण धरावा, हे मात्र मोजणीपूर्वीच ठरवून लिहून ठेवले पाहिजे. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण दिवा आणि खुर्ची त्याने तेथली वापरलेली असते.